मण्याला कागद, माणसाला ऊन

दिवाळीच्या पणत्या विझून चार-आठ दिवस लोटले, की नाशिककराचे सूर्याशी असलेले नाते एकाएकी पालटते. ज्या सूर्याला चैत्र-वैशाखात तो डोक्याला पंचा गुंडाळून, भिंतींच्या कडेकडेने चालत, शक्य त्या सर्व उपायांनी चुकवीत असतो, त्याच सूर्यापुढे मार्गशीर्षात तो खुर्ची टाकून, तोंड वर करून बसतो. गच्चीवर गाद्या, तीळ आणि घरातले आजोबा एकाच वेळी उन्हात ठेवले जातात. कॉलेज रोडवरून दुचाकीने जाणाऱ्या मुली उन्हाळाभर अंगावरून न उतरलेला सनकोट घडी घालून कपाटाच्या तळाशी टाकतात. आणि एप्रिलात दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नये असे आवाहन करणारी सरकारी दप्तरे निफाडचा पारा किती उतरला याची नोंद करण्यात गढून जातात. या सर्व वर्तनाच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की ऊन जितके पोळते तितकाच त्याचा अपाय, आणि ज्या दिवसांत ते अंगाला सुखावते त्या दिवसांत त्याच्यापासून भिण्याचे कारण नाही. हे गृहीत चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारास अनुभवाने पुरते ठाऊक आहे.

ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेल्या बागेत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास मण्यात पाणी उतरू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी रात्रीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली घसरतो, तर दुपारी तोच सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत चढतो. दिवस आणि रात्र यांच्यामधली ही तफावत आणि घडावर थेट पडणारे ऊन या दोहोंच्या संगनमताने हिरव्या-पिवळ्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. तिला बागेतली मंडळी ‘पिंक बेरी’ म्हणतात, आणि असा माल परदेशी पाठवण्याच्या कामी नापास ठरतो. म्हणून निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार भर थंडीत प्रत्येक घडाला कागद गुंडाळतो. हा कागद बहुधा रद्दीतल्या वर्तमानपत्राचा असतो, तेव्हा प्रस्तुत लेखही आपण वाचून टाकल्यावर यथाकाल एखाद्या थॉमसन द्राक्षाच्या घडाभोवती जाऊन बसण्याचा संभव आहे, आणि त्या उपयोगाबद्दल लेखकाची काहीएक तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळीच. हा कागद बांधण्यास पेठ-सुरगाण्याकडून पिकअप गाडीत दाटीवाटीने उभ्या राहून ज्या बायका येतात, त्यांच्या अंगावर लुगड्यावरून चढवलेला नवऱ्याचा जुना शर्ट असतो, डोक्याला रुमाल असतो, आणि चेहरा, मान व मनगटापासून पुढचे हात सकाळी नवापासून संध्याकाळी पाचपर्यंत उघडे असतात; मण्याच्या सालीची एवढी तजवीज करणाऱ्या त्या हातांच्या कातडीचा विचार त्या बागेत कोणी केलेला नसतो, खुद्द त्या बाईनेही नाही.

याचे कारण शोधू गेल्यास दोष सर्वस्वी माणसाचा नाही, काही प्रमाणात तो त्याच्या इंद्रियांचाही आहे. सूर्याच्या किरणांपैकी उष्णता त्वचेस तत्काळ कळते, प्रकाश डोळ्यांस कळतो. परंतु जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर याने 1801 मध्ये चांदीच्या क्षारावर पडलेल्या काळसर डागावरून ज्या अदृश्य किरणांचा छडा लावला, त्या अतिनील किरणांची वर्दी देणारे कोणतेही इंद्रिय निसर्गाने मनुष्यास दिलेले नाही. त्वचा रापते, तिच्यावर डाग धरतात, अकाली सुरकुत्या येतात त्या प्रामुख्याने या किरणांमुळे, आणि त्यांचे प्रमाण हवेच्या उष्णतेवर मुळीच अवलंबून नसून सूर्य आकाशात किती उंच आहे, आकाश किती निरभ्र आहे आणि वरचा ओझोनचा थर किती जाड आहे, यांवर ते ठरते. उत्तरेकडून आलेल्या गार वाऱ्याने हवा थंड होते. किरण थंड होत नाहीत. उलट पोळल्याची जी सूचना वैशाखात आपल्याला पाच मिनिटांत सावलीकडे पळवते, ती सूचनाच पौषात बंद पडते, आणि वैशाखात जो मनुष्य भर उन्हात पाच मिनिटे थांबत नाही तो पौषात त्याच उन्हात पाच तास खुशाल काढतो.

सूर्याच्या उंचीचा हिशेब कोणालाही अंगणात उभे राहून पडताळून पाहता येण्याजोगा आहे. ज्या वेळी आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, त्या वेळी सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर असतो आणि त्वचेस आच्छादन हवे, असा एक सोपा ठोकताळा जाणकार सांगतात. नाशिक वीस अक्षांशावर वसलेले असल्यामुळे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, म्हणजे 22 डिसेंबरच्या सुमारास, सूर्य येथे माध्यान्ही साडेशेचाळीस अंशांवर येतो. म्हणजे त्या दिवशीही, घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, गोदेच्या घाटावर उभ्या असलेल्या माणसाची सावली त्याच्यापेक्षा किंचित आखूडच असते, आणि संक्रांत उलटून जानेवारी संपत आला, की ती आणखी आक्रसते. लंडन शहरात त्याच 22 डिसेंबरला सूर्य पंधरा अंशांवर रेंगाळतो, सावली माणसाच्या पावणेचार पट लांब पडते, आणि किरणांना वातावरणाचा जो तिरपा प्रवास करावा लागतो त्यात त्यांतले हानिकारक बहुतेक गळून जातात. तिकडचा हिवाळा सूर्याचा खराखुरा अस्त आहे. आपला हिवाळा म्हणजे नुसता गारवा.

कॅनडाने 1992 मध्ये या किरणांचे मोजमाप सर्वसामान्यांस कळावे म्हणून एक निर्देशांक प्रचारात आणला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो सर्व जगासाठी स्वीकारला; त्याचा आकडा तीन झाला, की संरक्षण घ्यावे असा तिचा सल्ला आहे. निरभ्र डिसेंबरात आपल्या बाजूस भर दुपारी तो साधारण सहाच्या आसपास असतो, क्वचित त्यापुढेही जातो, आणि लंडनला हा आकडा पाहावयास मिळतो तो भर उन्हाळ्यात, ज्या ऋतूत तिकडची वर्तमानपत्रे वाचकांस टोपी घाला, सावलीत बसा असे बजावीत असतात. अर्थात नाशिकचा पौष हा किरणांच्या जमाखर्चात लंडनच्या जून-जुलैसारखा आहे. त्यात आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, परतीचा पाऊस आटोपल्यावर दख्खनच्या आकाशात ढगाचा ठिपका शोधून सापडत नाही, आणि उष्ण कटिबंधावरचा ओझोनचा थर मुळातच पातळ, तोही या दिवसांत अधिक पातळ. परदेशी नियतकालिकांतून उचललेल्या लेखांत हिवाळ्यातल्या उन्हाचा धोका बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या आधारे समजावलेला असतो, आणि तो वाचून आपल्याकडचा वाचक ‘येथे बर्फ कुठे आहे?’ असे म्हणत निश्चिंत होतो. बर्फाची येथे गरजच नाही.

आता यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. आपली कातडी गोऱ्या साहेबाची नव्हे. पिढ्यानुपिढ्या उन्हात राबलेल्या या देशात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण युरोप-ऑस्ट्रेलियाच्या मानाने फारच अल्प आहे. मग ही भीती कशाला? आक्षेपातले पहिले दोन्ही भाग खरे आहेत. त्वचेतले कृष्णद्रव्य ही निसर्गदत्त छत्री होय, आणि कर्करोगाचा बागुलबुवा उभा करून मराठी माणसास मलम विकण्याचा जो उद्योग चालतो, त्यात सामील होण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाही. परंतु छत्री आहे म्हणून पाऊस अंगावर येतच नाही, असे नव्हे. हेच कृष्णद्रव्य आपल्याकडे निराळ्या व्याधीचे निमित्त होते: गालांवर, कपाळावर, नाकाच्या दांड्यावर वांग उठतो, गरोदरपणाच्या काळात तो बायकांना विशेष गाठतो, एकदा धरला की वर्षानुवर्षे हटत नाही, आणि उन्हाळ्यात औषधोपचाराने उणावलेला वांग हिवाळ्यात निष्काळजीपणाने उन्हात बसल्यामुळे पुन्हा गडद झाल्याची कैफियत ज्या घरात ऐकू येत नाही असे घर विरळा. याखेरीज हिवाळ्याची कोरडी हवा त्वचेतला ओलावा शोषून घेते; ओठ फुटतात, गाल खरखरीत होतात, मनगटावर पांढुरकी खवले दिसू लागतात, आणि अशा दुबळ्या झालेल्या कातडीवर दुपारचे ऊन पडते. कोकमाचे तेल ओठांच्या आणि टाचांच्या भेगांवर उत्तम, खोबरेल तेल अंगावर उत्तम, पण तेलाचा तुकतुकीतपणा म्हणजे उन्हाचा अटकाव नव्हे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांतही दोन जाती आहेत. त्यांतली जी आखूड लहरींची, ती त्वचा भाजते आणि हिवाळ्यात ती बऱ्यापैकी उणावते. जी लांब लहरींची, ती खोलवर शिरून रंग गडद करते, त्वचा सैल करते, हिवाळ्यात त्या मानाने फार उणावत नाही आणि खिडकीच्या साध्या काचेतून खुशाल आत येते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकाने 2012 मध्ये एका अमेरिकन मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. अठ्ठावीस वर्षे गाडी हाकलेल्या त्या गृहस्थाचा खिडकीकडचा डावा गाल उजव्याहून कितीतरी म्हातारा दिसत होता. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. कसारा घाटातून मुंबईस जा-ये करणाऱ्या कोणाही जुन्या एस.टी. चालकाचा उजवा हात डाव्याशेजारी धरून पाहावा. थंडी म्हणून काच लावून घेतली तरी ऊन त्याला सोडीत नाही.

ऊन खाऊच नये, असे मात्र या सर्व विवेचनावरून कोणी समजू नये. चरकाने हेमंत ऋतूच्या चर्येत अभ्यंगाबरोबर आतपसेवनाचाही समावेश केला आहे, आणि तो अगदी शहाणपणाचा आहे. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व त्वचा उन्हातच तयार करते आणि त्याची उणीव आपल्या शहरी लोकांत सर्रास आढळते. फक्त त्यातही एक गंमत आहे. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात, सूर्य क्षितिजाजवळ असताना, हे जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही, कारण त्यास लागणारी आखूड लहर त्या वेळी जमिनीपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी दहा-अकराचे ऊन, थोडा वेळ, हातपाय उघडे ठेवून घेणे अधिक फलदायी. चेहरा उन्हात धरण्याची तर आवश्यकताच नाही, कारण पाठ आणि पोटऱ्या हेच काम अधिक क्षेत्रफळाने करतात. हितोपदेशात सूर्याचे सेवन पाठीने आणि अग्नीचे पोटाने करावे असे सांगितले आहे. ते वचन वस्तुतः सेवकाने धन्याशी कसे वागावे याबद्दलचे, आरोग्याचा सल्ला त्यात केवळ दाखल्यापुरता आलेला, तरी आधुनिक त्वचाशास्त्रास त्यात दुरुस्ती सुचवण्याजोगे काही नाही. तोंड वर करून खुर्चीत बसणाऱ्या आपल्या आजोबांना खुर्ची फिरवून द्यावी, एवढेच.

दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही नाशिकच्या वेशीवर एके काळी नांदून गेली आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी परतणारे गोरे शिपाई जहाजांची वाट पाहत राहत, आणि जहाजांचा हंगाम हिवाळ्यातला असल्याने त्यांचा मुक्काम येथल्या अत्यंत सुखद हवेतच पडे; तरी भेंडाची सोला टोपी डोक्यावरून उतरवण्याची मुभा साहेबाच्या वैद्यकशास्त्राने त्याला दिलेली नव्हती. उष्ण देशातल्या सूर्याचे किरण कवटी भेदून मेंदूत शिरतात, असा तेव्हाचा सिद्धांत होता. चार्ल्स वुडरफ नामक अमेरिकन लष्करी डॉक्टराने 1905 मध्ये त्यावर एक सबंध ग्रंथ लिहिला, आणि पुढे फिलिपाइन्समधल्या अमेरिकन शिपायांना किरण अडवण्यासाठी नारिंगी-तांबड्या रंगाची अंतर्वस्त्रे घालून पाहण्यापर्यंत मजल गेली. त्या प्रयोगातून काहीच निष्पन्न झाले नाही हे सांगणे नलगे. सिद्धांत खुळा होता. टोपी मात्र चांगली होती. तिला सर्व बाजूंनी काठ होता, तिने कान, नाक आणि मान झाकली जात. आपण तिच्यावर यथेच्छ हसलो आणि डोक्यावर गांधी टोपी घातली, जिचे राजकीय माहात्म्य निर्विवाद आहे, परंतु जिची सावली तिच्या धन्याच्या कपाळावरसुद्धा पडत नाही. शेमल्याचा फेटा त्या मानाने विचारपूर्वक रचलेला. निदान मान तरी झाकतो. पौष वद्य एकादशीस संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी पायी येणाऱ्या दिंड्यांतून पाहिले, तर फेटेवाले म्हातारे आता मोजकेच राहिलेले दिसतात आणि तरुण वारकरी उघड्या डोक्याने किंवा बिनकाठाच्या टोपीने भर दुपारची वाट चालतात. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे गाव हातात पतंगाची आसारी घेऊन गच्चीवर चढते, हलकडी वाजत राहते, आणि नजर सकाळपासून सांजेपर्यंत आकाशाला लागलेली असते. त्या उत्सवात खंड पडावा असे कोणताही सुजाण मनुष्य म्हणणार नाही, पण तीन दिवस वर केलेल्या त्या चेहऱ्यांना काठाची टोपी आणि डोळ्यांना काळा चष्मा असला तर पतंग काही कमी उंच जाणार नाही.

मलमांविषयी थोडक्यात. त्यांचा उपयोग आहे, परंतु नळीवर छापलेला संरक्षणाचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढलेला असतो, आणि आपण लावतो तो त्याच्या निम्माही नसतो. चेहऱ्याला आणि मानेला तर्जनी व मध्यमा या दोन बोटांच्या लांबीइतके मलम हवे, ते दिवसातून दोनदा लावल्यास 50 ग्रॅमची नळी महिनाही पुरत नाही. चाकरमान्याने तो खर्च करावा; वांग असलेल्याने तर अवश्य करावा. रोजंदारीवरच्या बाईस तो सांगणे ही निव्वळ थट्टा आहे. शिवाय या विषयाची आपल्याकडे एक निराळीच नासाडी झाली आहे. 1975 पासून ‘फेअर अँड लव्हली’ने आणि तिच्या भावंडांनी उन्हापासूनचे रक्षण आणि गोरेपणाची हाव यांची अशी काही गाठ मारून ठेवली, की 2020 मध्ये नावातून ‘फेअर’ गेले तरी समजूत गेली नाही. परिणामी हिवाळ्यात तोंड झाकणाऱ्या मुलीस नखरेल ठरवले जाते, आणि पुरुष तर त्या वाटेलाच जात नाही. काळेपणात कमीपणा नाही आणि भाजण्यात पुरुषार्थ नाही, हे दोन्ही एकदम मान्य करणे इतके कठीण का जावे, हे कळत नाही.

खरा उपाय सुताचा आणि वेळेचा आहे, आणि तो ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांनी करावयाचा आहे. शाळांच्या क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलने याच दिवसांत येतात, मुलांना अकरा ते दोन मैदानावर रांगेत बसवले जाते आणि पाहुणे मंडपात बसतात. हा शिरस्ता उलटा करण्यास एक पैसाही लागत नाही. चौकातल्या वाहतूक पोलिसाला उन्हाळ्यात जे छत्र दिले जाते ते दिवाळीनंतर हलवू नये. शेतीचा प्रश्न अधिक बिकट आहे, आणि येथे बागायतदारांची बाजूही नमूद करणे न्यायाचे ठरेल. मांडवाच्या बागेत मजूर पानांच्या सावलीखाली काम करतो. ‘वाय’ पद्धतीच्या बागेत मात्र त्याची ओळ उघडी असते. विरळणी, कागद बांधणे ही कामे टोळीने एकरावर उक्ती घेतलेली असतात, त्यामुळे दुपारी दोन तास सुट्टी दिली तरी ती घेण्यास टोळी राजी होत नाही, कारण थांबले तेवढा पैसा बुडाला. उन्हाळ कांद्याच्या लागवडीत तर आडोशाचा प्रश्नच नाही: डिसेंबर-जानेवारीत चांदवड-देवळ्याकडच्या वाफ्यांतून बायका दिवसदिवस कमरेत वाकून रोपे टोचतात, सूर्य थेट मानेवर आणि पाठीवर असतो, आणि हितोपदेशाचे पालन याहून तंतोतंत कोणी करीत नसेल.

म्हणून सुट्टीचे फर्मान काढण्यापेक्षा मजुरीच्या करारातच दोन जिनसा घालाव्यात: मानेवर पडदा असलेली, सर्व बाजूंनी काठ असलेली सुती टोपी आणि मनगटापर्यंत बाह्यांचा, उभ्या गळपट्टीचा सैल शर्ट. युरोपास द्राक्षे पाठवणाऱ्या बागायतदारास जे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यात मजुरांच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची कलमे आहेतच, आणि औषध फवारणाऱ्यास मुखवटा व हातमोजे देण्याचा तपशील त्यांत तपासला जातो. त्याच तपासणीच्या यादीत टोपी व शर्ट यांची ओळ वाढवण्यास द्राक्ष बागायतदार संघाने पुढाकार घ्यावा आणि तो येत्या ऑक्टोबर छाटणीच्या आत घ्यावा, कारण एकदा मण्यात पाणी उतरू लागले, की बागेत घडाखेरीज दुसऱ्या कशाकडे पाहण्यास कोणाला सवड नसते.